कोसळलेल्या कर्नेलची साक्ष

८ मार्च २०२१ च्या संध्याकाळी कोलकात्यात स्ट्रँड रोडवरच्या न्यू कोयलाघाट इमारतीच्या तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ जणांचा बळी गेला. त्यांत आग विझवायला वर गेलेले अग्निशमन दलाचे जवानही होते. रेल्वेच्या याच इमारतीत पूर्व भारताच्या प्रवासी आरक्षणाचे सर्व्हर होते. वीज तोडावी लागली आणि त्या भागातले तिकीट आरक्षण विस्कळीत झाले. रांगेतल्या माणसाला कारण कोणतेही असले तरी उत्तर एकच मिळते: सर्व्हर डाऊन आहे. आगीमुळे वीज गेली तर कारण सगळ्यांना दिसते. ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, ऐन गर्दीत कोसळले तर बाहेरून काहीच दिसत नाही. त्या क्षणी मेमरीत जे असते तोच काय घडले याचा मुख्य पुरावा असतो, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की तो पुसला जातो. अशा वेळी काय करावे याबद्दल संगणकशास्त्रात गेली पन्नासहून अधिक वर्षे मतभेद आहेत. त्यांची आजची स्थिती इथे मांडायची आहे. मांडताना जे मत पुढे येईल ते आधीच सांगून टाकतो. सर्व्हर झटपट पुन्हा सुरू करणे आणि बिघाडाचे मूळ शोधणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत असे सहसा धरले जाते. उपलब्ध अनुभव तसे सांगत नाही. दोन्ही साधेल की नाही हे क्रॅश होण्याच्या बरेच आधी, सर्व्हर लावताना ठरलेले असते.

पार्श्वभूमी

एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी १९६० च्या दशकात मल्टिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम उभारायला घेतली. चूक झाली तर तिच्यातून सावरण्यासाठी लिहिलेला कोड तिच्यात भरपूर होता. बेल लॅब्ज त्या प्रकल्पातून बाहेर पडल्यावर केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले, तेव्हा हा पसारा त्यांनी समजून उमजून टाळला. आतल्या हिशेबात विसंगती आढळली की ‘पॅनिक’ नावाचे फंक्शन चालवायचे आणि यंत्र थांबवायचे; पुढचे काम माणसाचे. यंत्र वापरणारे त्याच्या आसपासच बसत होते तोवर हे चालून गेले, शिवाय त्यामुळे कर्नेल आटोपशीर राहिले, हा लाभ मोठाच होता.

डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हीएमएसने वेगळी वाट धरली, आणि कोलकात्याचा या विषयाशी सर्वांत जुना संबंध इथे येतो. दिल्ली, मुंबई, चेन्नई, सिकंदराबाद आणि कोलकाता ही रेल्वे आरक्षणाची पाच केंद्रे. १९९९ मध्ये ‘कॉन्सर्ट’ या सॉफ्टवेअरने ती एकमेकांना जोडली गेली आणि कुठल्याही केंद्रावरून कुठल्याही गाडीचे तिकीट काढता येऊ लागले. ही यंत्रणा व्हीएमएसच्या घराण्यातली. २०१० मध्ये उभी राहिलेली तिची पिढी इटॅनियम सर्व्हरवर ओपनव्हीएमएस चालवते. व्हीएमएसमध्ये विसंगती आढळली की ‘बगचेक’ होतो. तो दोन प्रकारांचा असतो: यंत्र थांबवणारा, आणि नुसती नोंद करून पुढे जाऊ देणारा. सौम्य बगचेकलाही गंभीर मानायचे की नाही हे एका सेटिंगवर सोडलेले आहे. यंत्र थांबलेच तर मेमरीतला मजकूर ठरावीक डंप फाइलमध्ये उतरतो आणि तो वाचण्याचे साधन सिस्टीमबरोबरच येते. थांबायचे कधी, आणि थांबल्यावर मागे काय ठेवायचे, हे दोन्ही प्रश्न व्हीएमएसने वेगवेगळे केले. पुढच्या बऱ्याच वादांत हा फरक विसरला गेला असे मला वाटते. व्हीएमएसच्या रचनेत प्रमुख असलेल्या डेव्हिड कटलर यांनी पुढे विंडोज एनटी घडवली; निळ्या पडद्यामागचा ‘बगचेक’ हा शब्द तिथून आला.

आयआरसीटीसीने ऑगस्ट २००२ मध्ये इंटरनेटवर तिकिटे द्यायला सुरुवात केली आणि गर्दीचे स्वरूपच पालटले. तोवर एका क्षणी येऊ शकणाऱ्या मागण्या खिडक्यांच्या संख्येइतक्याच होत्या. वेबवर अशी मर्यादा नाही. तत्काळ आरक्षण सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला इतर वर्गांसाठी खुले होते, आणि एकाच मिनिटात लाखो लोक दार ठोठावतात. माध्यमिक परीक्षेच्या निकालादिवशी किंवा दुर्गापूजेच्या आधीच्या खरेदीत कोलकात्यातल्या वेब सर्व्हरवर हेच घडते. यातले बहुतेक वेब सर्व्हर लिनक्सवर चालतात, त्यामुळे पुढची चर्चा मुख्यतः लिनक्सची आहे.

खरोखर कर्नेलच कोसळले का?

हे पाऊल फार वेळा वगळले जाते. साइट बंद पडली म्हणजे कर्नेल कोसळले असे नव्हे. वेब सर्व्हरने गर्दी पाहून प्रक्रिया वाढवत नेल्या आणि मेमरी संपली, तर कर्नेल एखादी मोठी प्रक्रिया मारून जागा मोकळी करते. बळी बहुधा डेटाबेसचा जातो. साइट पडते, पण कर्नेल शाबूत असते आणि मारल्याची नोंद लॉगमध्ये ठेवते. तिथे कर्नेलचा दोष शोधणे व्यर्थ. दुसरा प्रकार अडकण्याचा: एखादा प्रोसेसर सुमारे वीस सेकंद कर्नेलमध्येच फिरत राहिला तर ‘सॉफ्ट लॉकअप’चा इशारा येतो, एखादे काम दोन मिनिटे हलले नाही तर ‘हंग टास्क’चा. या वेळी दोष कर्नेलचा असू शकतो, तसा संथ झालेल्या डिस्कचाही. तिसरा प्रकार ‘ऊप्स’: कर्नेलने चुकीच्या पत्त्यावर हात घातला, त्या वेळी चालू असलेले काम मारले गेले, पण यंत्र चालू राहिले. आणि शेवटचा, पूर्ण थांबणारा पॅनिक.

ऊप्स आणि पॅनिक यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे. ऊप्स झालेल्या कर्नेलमध्ये मारल्या गेलेल्या कामाने घेतलेली कुलुपे तशीच राहू शकतात, अर्धवट बदललेले तक्ते मागे राहतात, आणि काही मिनिटांनी भलत्याच ठिकाणी दुसरा ऊप्स होतो. म्हणून लॉगमधली शेवटची नोंद लक्ष वेधून घेत असली तरी वाचायची ती पहिली. त्या नोंदीत कर्नेल ‘डागाळलेले’ आहे की नाही, म्हणजे बाहेरचे मॉड्यूल चढवले होते का किंवा आधी काही बिघडले होते का, याच्याही खुणा असतात.

दोष कुठला?

कारणांबद्दल तीन मते आहेत आणि तिन्हींच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. पहिले मत हार्डवेअरकडे बोट दाखवते. गूगलच्या सर्व्हरवरील मेमरीच्या चुकांचा बियांका श्रोडर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. दरवर्षी सुमारे एक तृतीयांश यंत्रांत मेमरीची किमान एक दुरुस्त होण्याजोगी चूक सापडली, मेमरीच्या पट्ट्यांचा विचार केला तर सुमारे आठ टक्क्यांत. हे तेव्हाच्या समजुतीपेक्षा पुष्कळ जास्त होते. कोलकात्याच्या उकाड्याचा विचार करणाऱ्यांसाठी त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची: यंत्र किती राबते हे लक्षात घेतल्यावर तापमानाचा वाटा फारसा उरला नाही, राबण्याचा उरला. त्यामुळे ‘एसी बंद होता’ हे क्रॅशचे सोयीचे स्पष्टीकरण दर वेळी मान्य करण्याआधी मेमरीच्या चुकांची नोंद पाहिलेली बरी.

दुसरे मत ड्रायव्हर आणि बाहेरून आत बसवलेल्या कोडला जबाबदार धरते. स्टॅनफर्डमधील अभ्यासात २००१ मध्ये लिनक्स आणि ओपनबीएसडीचा कोड यांत्रिक पद्धतीने तपासला गेला. ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नेलच्या तीन ते सात पट निघाले. याचे सर्वांत ठळक उदाहरण १९ जुलै २०२४ चे. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरसाठी एक फाइल पाठवली. आतल्या तपासणीला एकविसाव्या रकान्यातले मूल्य हवे होते, हाती वीसच होती. कर्नेलमध्ये बसलेल्या त्यांच्या ड्रायव्हरने हद्दीबाहेरची मेमरी वाचली आणि यंत्रे कोसळली. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर ८५ लाख यंत्रांना फटका बसला होता. कोलकात्यासह देशातल्या विमानतळांवर विमान कंपन्यांना हाताने कामे उरकावी लागली. इथे पुन्हा सुरू करण्याचा उपायच कामाचा राहिला नाही, कारण यंत्र उठता उठता तोच ड्रायव्हर तीच फाइल पुन्हा वाचत होता.

तिसरे मत कर्नेलच्या मूळ कोडकडे वळते, आणि वेब सर्व्हरच्या दृष्टीने त्यातले सर्वांत बोलके प्रकरण २०१९ चे आहे. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी दाखवलेला हा दोष १७ जूनला जाहीर झाला. पाठवायचा मजकूर कर्नेल एका रचनेत साठवते. तिच्यात १७ पर्यंत तुकडे, आणि प्रत्येक तुकडा ३२ किलोबाइटपर्यंतचा. समोरच्या यंत्राने ‘मला अगदी छोटी पाकिटे पाठवा’ असे सांगितले तर एका पाकिटात प्रत्यक्ष मजकुराचे आठच बाइट मावतात. मग एका रचनेत ६९,६३२ पाकिटे होऊ शकतात, आणि ती मोजणारा आकडा ६५,५३५ च्या पुढे जात नाही. पाकिटे हरवल्यावर कोणती मिळाली हे कळवण्याची ‘सॅक’ नावाची सोय वापरून दूरवरचा कोणीही हा हिशेब बिघडवू शकत होता. हिशेब जुळला नाही की तिथे लिहिलेली तपासणी कर्नेलला थांबवत असे. २००९ च्या आवृत्तीपासून हा दोष तिथे पडून होता. अशा सर्व्हरला नुसते पुन्हा सुरू केले तर हल्लेखोर तो दुसऱ्या मिनिटाला पुन्हा पाडू शकतो. कोणत्या फंक्शनमध्ये थांबला हे कळले तरच तात्पुरता उपाय दिसतो: सॅक बंद करणे किंवा अवाजवी छोट्या पाकिटांची मागणी करणाऱ्या जोडण्या अडवणे. पहिल्या उपायाची किंमत मोबाइलच्या हेलकावणाऱ्या जाळ्यावरच्या ग्राहकाने संथ साइटच्या रूपात मोजायची.

तिन्ही मते आपापल्या जागी बरोबर असतील, तर ‘क्रॅश सहसा कशाने होतो’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबून चालत नाही. या सर्व्हरवर या वेळी काय झाले तेच पाहावे लागते.

पुरावा टिकवण्याची साधने

लिनक्समध्ये ही सोय उशिरा आली. कोसळलेल्या कर्नेलनेच डिस्कवर डंप लिहावा अशी साधने १९९९ पासून होती, पण ज्याच्यावरचा विश्वास उडाला त्याच कर्नेलला डिस्कवर लिहू देणे म्हणजे चांगली माहितीही बिघडवण्याचा धोका, हा आक्षेप रास्त होता. ऑगस्ट २००५ मधील २.६.१३ या आवृत्तीत ‘केडंप’ आले; चालू कर्नेलमधून थेट दुसरे कर्नेल सुरू करणाऱ्या, एरिक बीडरमन यांच्या केक्झेकवर ते उभे राहिले आणि आयबीएमच्या भारतातील गटातले विवेक गोयल हे त्याच्या मुख्य शिल्पकारांपैकी एक होते. कल्पना अशी: यंत्र सुरू होतानाच थोडी मेमरी बाजूला राखून तिथे दुसरे, छोटे कर्नेल तयार ठेवायचे. पहिले कोसळले की नियंत्रण थेट दुसऱ्याकडे जाते. पहिल्याची मेमरी जशीच्या तशी असते आणि दुसरे कर्नेल ती फाइलसारखी वाचून डिस्कवर किंवा जाळ्यावरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवते. रिकामी पाने, डिस्कची कॅश आणि वापरकर्त्यांच्या प्रक्रियांची पाने गाळली की डंप पुष्कळ लहान होतो. शिवाय नुसता कर्नेलचा लॉग वेगळा काढता येतो, आणि पुष्कळ प्रकरणांत तेवढाच पुरतो.

बाकीची साधने पूरक आहेत. नेटकन्सोल शेवटचे संदेश दुसऱ्या यंत्राकडे पाठवते, पण नेटवर्कचा ड्रायव्हरच दोषी असेल तर गप्प राहते. पीस्टोअर फर्मवेअरने राखलेल्या जागेत काही ओळी ठेवते. सीरियल कन्सोल जुना आहे, संथ आहे आणि सर्वांत भरवशाचा आहे. कर्नेलची मूळ सेटिंग मात्र गर्दीच्या सर्व्हरला सोयीची नाहीत: काही न सांगितल्यास पॅनिक झालेले लिनक्स आपणहून पुन्हा सुरू होत नाही, कोणी येईपर्यंत तसेच थिजून राहते.

थांबावे की रेटावे

जिम ग्रे यांनी टँडम कंपनीच्या अनुभवावरून १९८५ मध्ये जो निबंध लिहिला तो या प्रश्नावर आजही पाया मानला जातो. विसंगती दिसताच ताबडतोब थांबा, कारण चुकलेली यंत्रणा चालू राहिली तर चूक पसरते, असे त्यांचे म्हणणे. शिवाय गर्दीत उरणारे दोष बहुतांशी क्षणिक असतात. १३२ सॉफ्टवेअर बिघाडांच्या नमुन्यात एक सोडून बाकी सगळ्यांत दुसऱ्या यंत्राने काम उचलल्यावर तो दोष पुन्हा उद्भवला नाही. २००३ मध्ये जॉर्ज कॅंडिया आणि आर्मंडो फॉक्स यांनी हाच विचार पुढे नेला: नीट बंद करण्याची वेगळी वाट ठेवूच नका, सॉफ्टवेअर कोसळून उठण्यासाठीच घडवा.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवॉल्ड्स यांची भूमिका उलट दिशेची. नव्या कोडमध्ये यंत्र थांबवणाऱ्या तपासण्या घालू नयेत, इशारा द्यावा आणि पुढे जावे, असे त्यांनी वर्षानुवर्षे ठामपणे सांगितले आहे. थांबलेल्या यंत्राचा लॉग कोणाच्याच हाती लागला नाही तर दोष दुरुस्त होणार कसा, हे त्यांच्या युक्तिवादाचे मर्म आहे. सुरक्षेच्या बाजूचे लोक यावर म्हणतात की ऊप्सनंतर चालणारे कर्नेल हल्लेखोराला वारंवार प्रयत्न करू देते. म्हणून काही जण साध्या इशाऱ्यालाही पॅनिक मानण्याची सोय वापरतात. २०१९ चे प्रकरण दोन्ही बाजू वापरू शकतात. तपासणीने सर्व्हर पाडला हे खरे, आणि तिनेच चुकीच्या हिशेबाने पुढे जाणे रोखले हेही खरे.

नीट पाहिले तर या दोघांच्या चिंता एकमेकांना छेदत नाहीत. टॉरवॉल्ड्स यांचा आक्षेप पुरावा हरवण्याला आहे, ग्रे यांचा चुकीच्या स्थितीत रेटण्याला. डंपची सोय चालू असलेला, ऊप्सला पॅनिक मानणारा आणि डंप होताच आपोआप उठणारा सर्व्हर दोघांचेही म्हणणे बऱ्याच अंशी पाळतो. रेड हॅट या लिनक्स वितरकाच्या सर्व्हर आवृत्तीत ऊप्सला पॅनिक मानण्याचे सेटिंग आधीपासून असते ते उगीच नव्हे. मोबाइल फोन किंवा घरच्या लॅपटॉपला हा हिशेब लागू पडत नाही, कारण तिथे काम उचलायला दुसरे यंत्र नाही.

आक्षेप

यावर पहिला आक्षेप मोठ्या कंपन्यांकडून येतो. हजारो सर्व्हर असतील तर एकाचे शवविच्छेदन कशाला? तो बाजूला काढा, दुसरा लावा. ग्रे यांचे आकडे याला बळ देतात, पण दोन यंत्रे स्वतंत्रपणे बिघडतात हे गृहीत धरूनच, आणि कर्नेलचे काही दोष ते गृहीतकच मोडतात. २०११ च्या सुमारास लिनक्समध्ये आढळलेला एक दोष घ्या: घड्याळाचा एक गुणाकार सुमारे २०८ दिवसांनी ओसंडत असे आणि त्यानंतर यंत्र कोसळू शके. एकाच रात्री सुरू केलेले सगळे सर्व्हर एकाच सुमाराला धोक्यात येतात. राखीव यंत्रही त्यांतलेच. १ जुलै २०१२ ला आपल्याकडे पहाटे साडेपाचला लीप सेकंद घातला गेला, तेव्हा जगभरच्या लिनक्स सर्व्हरवरचे प्रोसेसर एकदमच भडकले आणि रेडिटसारख्या साइट कोलमडल्या. राखीव यंत्र हा अशा दोषांवर उपाय ठरत नाही.

दुसरा आक्षेप लहानांचा. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये दोन सर्व्हरवर धंदा चालवणाऱ्या कंपनीकडे डंप वाचणारा माणूस कुठून येणार? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो खरा आहे. तरीही डंप वाचणे आणि डंप ठेवणे ही दोन कामे आहेत. ठेवलेला डंप लिनक्सच्या वितरकाला किंवा जाणकाराला नंतर दाखवता येतो. न ठेवलेला कोणालाच नाही. आणि लहान कंपनीकडेच बदली यंत्रे थोडी असतात, म्हणून तोच क्रॅश चौथ्यांदा झाल्यावर तिचे नुकसान प्रमाणाने जास्त. वेळेचाही आक्षेप आहे: शेकडो गिगाबाइट मेमरीचा डंप लिहीपर्यंत सर्व्हर अडून बसतो. गाळणी लावली की ही वेळ बरीच खाली येते, पण शून्य होत नाही. एकच सर्व्हर असेल तर निकालाच्या दिवशी केवळ लॉग काढून उठणे शहाणपणाचे, एरवी पूर्ण डंप. हा निर्णय आधी लिहून ठेवता येतो.

अजून न सुटलेले

डंपमधल्या खासगी माहितीचा प्रश्न उघडाच आहे. वापरकर्त्यांची पाने गाळली तरी कर्नेलच्या मेमरीत नेटवर्कवरून जाणारा मजकूर आणि गुप्त किल्ल्या असू शकतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस राखणे बंधनकारक केले. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा गरज संपल्यावर माहिती पुसायला सांगतो. डंप परदेशातल्या वितरकाकडे तपासायला पाठवताना या दोन्हींचा मेळ कसा घालायचा, यावर जाणकारांत अजून एकमत नाही.

दोषांना आधीच रोखण्याच्या प्रयत्नांचा निकालही लागायचा आहे. गूगलचा सिझबॉट २०१७ पासून कर्नेलवर अखंड यादृच्छिक मारा करून दोष काढतो, आणि ते दुरुस्त होण्याच्या वेगापेक्षा सापडण्याचा वेग जास्त राहिला आहे. डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून कर्नेलमध्ये रस्ट भाषेला जागा मिळाली. मेमरीच्या चुका तिच्यामुळे घटतील, पण हिशेबाच्या तर्कातल्या चुका ती थांबवेल असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या टोकाला, २०२१ मध्ये गूगल आणि फेसबुक या दोघांनीही असे प्रोसेसर नोंदवले जे क्वचित, मुकाट्याने चुकीचे उत्तर देतात. अशा प्रोसेसरवरच्या क्रॅशचा डंप तंतोतंत बरोबर असतो आणि तरी वाचणाऱ्याला निर्दोष कोडमध्ये दोष शोधायला लावतो.

सर्वांत मोठी अनिश्चितता मालकीची आहे. इंटेलने इटॅनियमचा पुरवठा २०२१ मध्ये थांबवला आणि रेल्वेची आरक्षण यंत्रणा आता क्लाउडच्या तंत्राकडे नेली जात आहे. भाड्याच्या आभासी यंत्रावर ग्राहकाला स्वतःच्या कर्नेलचा डंप ठेवता येतो. त्याच्या खालचे, खऱ्या हार्डवेअरवरचे कर्नेल पुरवठादाराचे असते. ते कोसळले तर ग्राहकाचे यंत्र कोणतीही नोंद न ठेवता नाहीसे होऊन दुसरीकडे सुरू होते. तिथला डंप घेतला जातो का, कोण वाचतो आणि त्यातले काय ग्राहकाला कळवायचे, हे आज करारातल्या कलमांवर अवलंबून आहे, आणि सार्वजनिक सेवांसाठी असे कलम कसे लिहावे याचा नमुना अजून ठरायचा आहे.